रेडटेल कॅटफिश सव्वा फुटाचा झालाय, ६ फुटी टाकी पुरेल का?

तेजश्री_नाशिक

नमस्कार. भाऊ नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि त्याचा रेडटेल कॅटफिश आमच्याकडे राहिला. गेल्या दिवाळीत आणला तेव्हा बोटाएवढा होता, आता सव्वा फूट भरतो. टाकी ४ बाय दीड बाय दीड फुटाची, घर तिसऱ्या मजल्यावर. वळताना त्याची शेपटी काचेला घासते. दुकानदार म्हणतो, "टाकीएवढाच वाढतो, काळजी करू नका." काका म्हणतात, गंगापूर धरणात सोडून दे, जगेल बिचारा. मला त्याचे हाल करायचे नाहीत. बाबा ६ फुटी टाकी करून द्यायला तयार आहेत, ती पुरेल का? खायला सध्या जिवंत गोल्डफिश आणि अधूनमधून चिकन देतोय.

कृष्णाकाठ

ताई, ६ फुटी टाकी करू नका. ती वर्षभरही पुरायची नाही आणि बाबांचे पैसे अडकतील. हा ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांतला मासा. तिथे ४ फुटांपर्यंत जातो, वजन ५० किलोच्या घरात. पाळलेलाही नीट जगला तर ३ फूट होतोच, आणि १५ वर्षांच्या पुढे जगतो. "टाकीएवढाच वाढतो" हे साफ खोटं आहे. लहान टाकीत वाढ खुंटते ती घाण पाण्याने आणि कोंडमाऱ्याने. पाठ वाकते आणि मासा अकाली मरतो. हे सांगून पिल्लं विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

माझ्याकडे एक रेडटेल आहे, पुण्यातल्या एकाला ठेवणं अशक्य झालं म्हणून आणलेला. गोठ्यामागे पत्र्याच्या शेडात सिमेंटचा हौद आहे, १६ बाय १० फूट, पाणी ४ फूट, म्हणजे साधारण १८ हजार लिटर. लोक लांबी विचारतात, पण खरी अडचण रुंदीची असते. माशाला अंग न घासता वळता आलं पाहिजे, म्हणून पूर्ण वाढलेल्या लांबीच्या निदान अडीचपट रुंदी धरा. गाळणीला २०० लिटरचे तीन ड्रम जोडलेत. पहिल्यात ब्रश, तिथे विष्ठा अडकते, पुढच्या दोनांत बायोमीडिया, म्हणजे पाणी साफ करणारे जिवाणू वाढायला टाकलेले सच्छिद्र तुकडे. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलतो, ते हत्तीगवताला जातं आणि गवत काय तरारतं! आमचं पाणी बोअरचं आहे. तुमच्या नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट लागेल. लाइट जाते तेव्हा निदान एअर पंप तरी इन्व्हर्टरवर चालला पाहिजे.

गोल्डफिश आजच बंद करा. त्यांच्यात थायमिनेज असतं, ते ब१ जीवनसत्त्व मोडतं, शिवाय दुकानातले रोग फुकट घरी येतात. चिकनची चरबीही त्याला पचत नाही. बुडणाऱ्या पेलेट्सची, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्यांची सवय लावा, जोडीला चिलापीच्या फोडी. या वयात दोन-तीन दिवसांआड पुरे, मोठ्याला आठवड्यातून एकदा.

टाकीत खडे असतील तर तेही काढा. खाताना नीट बघा. आधी मिशा फोडीला लागतात, क्षणभर थांबतो, मग तोंड उघडतं आणि भोवतालचं पाणीच आत ओढलं जातं. त्या ओढीत तळातला खडा, हीटर काचेला चिकटवायची रबरी वाटी, काहीही पोटात जातं. हीटरला जाळी हवीच.

आणि धरणात बिलकूल नाही. नाशिकच्या थंडीत गारठून मेला तर त्याचे हाल, जगला तर तिथल्या मरळ-शिवड्यांच्या तोंडचं हा खाणार. उजनीत आज सकर मासा कोळ्यांच्या जाळ्यात येतो, तो कुणाच्या तरी टाकीतूनच पाण्यात गेलेला.

स्लॅब_आणि_बीम

बांधकामातला आहे म्हणून तेवढंच बोलतो. घरातला स्लॅब साधारण दर चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून काढतात. पाणी २ फूट खोल असलं तरी त्याच जागेवर ६०० किलो होतात. काच आणि स्टँड वेगळं. तिसऱ्या मजल्यावर अशी मोठी टाकी इंजिनियरला विचारल्याशिवाय ठेवू नका.

अमोल_बारामती

एवढं कशाला? आमच्या शेततळ्यात कागद टाकलाय, पाणी भरपूर. कुठल्याही शेतकऱ्याला देऊन टाका, मजेत राहील.

कृष्णाकाठ

अमोलभाऊ, तुमची भावना चांगली आहे, पण शेततळं उघडं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे कृष्णा शिवारात शिरली तेव्हा खालच्या रानातली तळी आणि नदी एकच झाली होती. केरळात २०१८ च्या पुरात नेमकं हेच झालं. लोकांनी तळ्यांत पाळलेले अरापायमा आणि ॲलिगेटर गार हे मोठे परदेशी मासे चालकुडी नदीत सापडले. माझं शेड वरच्या माळावर आहे आणि हौदाला जाळीचं झाकण आहे, म्हणूनच मी हा मासा ठेवायचं धाडस केलं. पूररेषेत घर असतं तर घेतला नसता.

तेजश्री_नाशिक

सगळ्यांचे आभार. बाबांशी बोलले, नवी टाकी रद्द. घेणारा शोधायचा ठरलंय. दादा, तुम्ही घ्याल का? आणि एवढा मासा न्यायचा कसा?

कृष्णाकाठ

ताई, मी घेणार नाही. माझा तुमच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, तुमच्याला गिळायचा प्रयत्न करेल. प्राणिसंग्रहालयांना विचारून बघा, पण त्यांच्या भरवशावर बसू नका, अशा माशांसाठी त्यांच्याकडेही जागा नसते. घेणारा भेटला की नुसत्या फोटोवर जाऊ नका. व्हिडिओ कॉल करा, टेप लावून हौदाची रुंदी दाखवायला सांगा, गाळणी चालू आहे का बघा. त्याच्याकडचे आत्ताचे मासे केवढे आहेत तेही विचारा, कारण तोंडात मावेल ते रेडटेल खातो.

नेण्याआधी दोन दिवस उपाशी ठेवा, नाहीतर वाटेत ओकतो आणि पाणी नासतं. जाळ्याने धरू नका. छातीच्या परांना काटे असतात, ते जाळ्यात अडकले की सोडवताना मोडतात. ओली ताडपत्री पाण्यातच त्याच्याखाली सरकवा आणि दोघांनी दोन टोकं धरून पाण्यासकट उचला. मोठ्या आइसबॉक्समध्ये त्याच्याच टाकीचं पाणी, बॅटरीवरचा एअर पंप, झाकण बंद. अंधारात शांत राहतो. प्रवास पहाटेचा ठेवा.

तोवर आहे त्या टाकीत दर तीन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदला आणि अमोनियाचं टेस्ट किट आणा, माशाच्या घाणीतून पाण्यात येणारं हे विष मोजायला. रीडिंग शून्यच यायला हवं, वर गेलं तर त्याच दिवशी पाणी बदला. कुणीच मिळालं नाही आणि मासा वाकायला लागला, तर मत्स्यरोगांची माहिती असलेल्या पशुवैद्याला गाठा. लवंग तेलाने गुंगी देऊन वेदनेविना शेवट करता येतो. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण धरणात सोडण्यापेक्षा ते बरं. घेणाऱ्यांची नावं आली की इथे कळवा, हौदाची मापं मी तपासून देतो.