मदत हवी आहे: कोथरूडच्या मेट्रो स्थानकांसाठी सार्वजनिक सायकल योजना, करारात कोणत्या अटी असाव्यात?

नमस्कार.

कोथरूडमधील आम्ही काही रहिवासी महापालिकेला निवेदन देण्याच्या तयारीत आहोत. वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी आणि नळ स्टॉप ही मेट्रो स्थानके आसपासच्या वस्तीशी जोडणारी सार्वजनिक सायकल योजना सुरू करावी, अशी आमची मागणी आहे. मागणी लिहून झाली आहे. अडले आहे ते तिच्यासोबत द्यायच्या अटींच्या मसुद्यापाशी. अशी योजना ज्यांनी नियमित वापरली आहे, चालवली आहे किंवा तिच्या निविदेवर काम केले आहे, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

पुण्याला हा प्रयोग नवा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये स्मार्ट सिटीच्या पुढाकाराने विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये भाड्याच्या सायकली आल्या. त्यानंतर पेडल, ओफो, मोबाइक, युलू अशा कंपन्या शहरात उतरल्या. मोबाइलवरून कोड स्कॅन करावा, कुलूप उघडावे आणि काम झाले की ठरलेल्या हद्दीत सायकल उभी करावी, अशी सोय होती. ओफोने २०१८ मध्येच भारतातील व्यवसाय गुंडाळला आणि पुढच्या काळात रस्त्यांवरच्या बहुतेक सायकली दिसेनाशा झाल्या. याचे खापर पुणेकरांच्या बेशिस्तीवर फोडले जाते. कुलपे तोडली गेली, सायकली सोसायट्यांच्या आवारात अडकून पडल्या, हे खरेच आहे. पण तेवढ्यावर योजना बुडते हे मला पटत नाही. पॅरिसमध्ये २००७ साली ‘वेलिब’ ही सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या दोन वर्षांत तेथेही हजारो सायकली चोरीला गेल्या आणि मोडल्या. तरी ती योजना टिकली, कारण सायकल पुन्हा रस्त्यावर आणण्याची जबाबदारी कोणाची, हे करारात ठरलेले होते. आपल्याकडे भांडवल कंपन्यांचे आणि जागा महापालिकेची अशी विभागणी होती, त्यामुळे कंपनी निघून गेल्यावर जाब विचारावा असे कोणीच उरले नाही. म्हणून सायकली किती असाव्यात यापेक्षा त्यांची देखभाल कोण करणार आणि ती झाली नाही तर काय होणार, यावरच आमचा मसुदा उभा राहावा असे मला वाटते.

आमची सर्वांत मोठी अडचण चढाची आहे. महात्मा सोसायटी किंवा टेकडीच्या बाजूच्या इतर वसाहतींतून सकाळी स्थानकाकडे येणारा माणूस उतारावरून आनंदाने सायकल आणेल; संध्याकाळी दमून परतताना तोच माणूस रिक्षा शोधेल. परिणामी सकाळी दहापर्यंत वरचे स्टँड रिकामे होतील, खालचे भरून जातील आणि स्थानकावर आलेल्याला सायकल लावायला जागाच मिळणार नाही. टेम्पोने सायकली वर नेऊन ठेवणे हा एक मार्ग आहे, पण तो खर्च करारात स्पष्ट लिहिला नाही तर ठेकेदार तो पहिल्यांदा वाचवेल. विजेवर चालणाऱ्या सायकली घेतल्या तर चढाचा प्रश्न सुटतो. मात्र त्यांची किंमत आणि चार्जिंगची व्यवस्था हे दोन नवे प्रश्न उभे राहतात. मिश्र ताफा व्यवहार्य ठरेल का?

स्टँडच्या संख्येबद्दल आयटीडीपी या शहरी वाहतुकीवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत दर चौरस किलोमीटरला १० ते १६ स्टँड, प्रत्येक सायकलमागे स्टँडवर सायकल लावायच्या दोन ते अडीच जागा आणि किमान १० चौरस किलोमीटरचे क्षेत्र असे प्रमाण दिलेले आहे. आमचा प्रस्तावित परिसर याहून लहान आहे. क्षेत्र लहान असले तरी घनता पूर्ण ठेवावी, असे माझे मत आहे, कारण सायकल घ्यायला दहा मिनिटे चालावे लागत असेल तर कोणीही ती घेणार नाही. यावर अनुभवी मंडळींचे मत वाचायला आवडेल.

आणखी एक गोष्ट. घरकामाला येणाऱ्या बायका, दुकानांतील कामगार आणि शाळकरी मुले यांना मोबाइल अ‍ॅप व ऑनलाइन पैसे भरणे सक्तीचे करू नये. यासाठी कोणती पद्धत चालते?

प्रतिसाद १

माझे वास्तव्य काही वर्षे पॅरिसमध्ये होते, म्हणून चढाबद्दल लिहितो. मोंमार्त्र आणि बेलविल हे तेथील उंचावरचे भाग, आणि तेथेही सायकली उतारावरून खालच्या भागात जमा होत. त्यावर वेलिबने चढावरच्या निवडक स्टँडना खास दर्जा दिला होता; तेथे सायकल नेऊन लावणाऱ्याच्या खात्यात १५ मिनिटांचा जादा मोफत वेळ जमा होत असे. याने टेम्पोची गरज संपली नाही, पण भार हलका झाला. आपल्या मसुद्यात अशी सवलत अवश्य घालावी.

दुसरी सूचना विजेची. २०१८ च्या आरंभी पॅरिसची योजना नव्या कंपनीकडे गेली, तेव्हा स्टँड उभारणी रखडली आणि अनेक ठिकाणी वीजजोडणी वेळेत न मिळाल्याने स्टँड बॅटरीवर चालवावे लागले. आपण विजेच्या सायकली मागणार असाल, तर जोडणी मिळाल्याशिवाय स्टँड पूर्ण झाला असे धरू नये, ही अट घालावी.

प्रतिसाद २

आमचे कुटुंब म्हैसूरला स्थायिक आहे. येथील ‘ट्रिन ट्रिन’ ही सार्वजनिक सायकल योजना जून २०१७ मध्ये ४८ स्टँड आणि ४५० सायकली घेऊन सुरू झाली. नोंदणी केंद्रावर कागदपत्रे दाखवून अनामत भरली की कार्ड मिळे आणि ते स्टँडवर टेकवले की सायकल सुटे. त्यासाठी स्मार्टफोनची गरज नव्हती. माझ्या सासऱ्यांना मोबाइल वापरणे जमत नसे, पण कार्डाने ते विनासायास सायकल घेत. कोथरूडमध्ये मेट्रोचेच कार्ड चालवता आले तर वेगळ्या नोंदणीचा त्रासही वाचेल. अनामत मात्र ठेकेदाराकडे न ठेवता महापालिकेच्या खात्यात ठेवावी, म्हणजे ठेकेदार बदलला तरी लोकांचे पैसे अडकणार नाहीत.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. चढावरच्या स्टँडची सवलत, वीजजोडणीची अट आणि अनामतीचे स्वतंत्र खाते या तिन्ही गोष्टी मसुद्यात घेतो. अनामतीचा मुद्दा आमच्या बैठकीत कोणीही काढला नव्हता, आणि तो किती महत्त्वाचा आहे हे आता लक्षात येते.

एक प्रश्न अजून शिल्लक आहे. ठेकेदाराला मोबदला सायकलींच्या संख्येवर न देता त्या वापरण्याजोग्या स्थितीत किती वेळ उपलब्ध होत्या यावर द्यावा, आणि एखादा स्टँड गर्दीच्या वेळी ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक काळ पूर्ण रिकामा किंवा पूर्ण भरलेला राहिला तर मोबदल्यातून कपात करावी, असे कलम आम्हाला लिहायचे आहे. ही मर्यादा किती मिनिटांची धरावी? अर्धा तास मागितला तर निविदा भरायला कोणी पुढे येणार नाही, आणि दोन तास दिले तर सकाळची सगळी गर्दी त्यातच निघून जाईल. स्टँडवरची नोंद ठेकेदाराच्या हातात न राहता महापालिकेला व नागरिकांना त्याच वेळी पाहता यावी, अशीही आमची इच्छा आहे. प्रत्यक्ष निविदेत असे कलम कोणी लिहिले किंवा वाचले असेल, तर त्यातील शब्दरचना कृपया येथे द्यावी. निवेदन महिनाअखेरीस क्षेत्रीय कार्यालयात द्यायचे आहे.