स्कॅन नॉर्मल, तरी माणूस बदललेला का?
वर एका ताईंनी लिहिलंय की बाईकवरून पडल्यानंतर भावाचा सीटी स्कॅन नॉर्मल आला, पण चार जण एकदम बोलायला लागले की तो गोंधळतो, चिडतो, आणि घरचे म्हणतात 'नाटकं करतोय'. ताई, ही नाटकं नसतात हो.

डोकं जोरात गरकन फिरतं तेव्हा मेंदूतले लांबलचक चेतातंतू ताणले जातात. सीटीत रक्तस्राव दिसतो, फ्रॅक्चर दिसतं. हे ताणलेले तंतू बहुतेक वेळा दिसतच नाहीत. शिवाय तंतू त्याच क्षणी तुटतो असंही नाही. त्याच्या आतली वाहतूक अडते, तिथे तो फुगतो आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी तुटतो. दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोझमला याची झळ जास्त लागते. मेंदूचे भाग शाबूत असतात, पण एकाचा निरोप दुसऱ्याला उशिरा पोचतो. म्हणून एकट्याशी बोलताना ठीक, घोळक्यात गडबड.

फिनिअस गेजचं उदाहरण सगळे 'कपाळामागचा भाग गेला' म्हणून देतात. १८४८ साली व्हर्माँटमध्ये रेल्वेच्या कामावर लोखंडी पहार त्याच्या डोक्यातून आरपार गेली. तो वाचला, पण स्वभाव बदलला. २०१२ मध्ये कवटीच्या स्कॅनवरून काढलेला अंदाज असा, की मेंदूच्या बाह्यकाचं, म्हणजे बाहेरच्या थराचं, नुकसान सुमारे ४ टक्के, तर जोडणी करणाऱ्या पांढऱ्या द्रव्याचं सुमारे ११ टक्के. म्हणजे त्याच्यातही जोडणीलाच जास्त फटका बसला. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. आणि तोच गेज पुढे चिलीत कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

भावाशी बोलताना टीव्ही बंद ठेवा, एका वेळी एकानेच बोला, उत्तराला वेळ द्या. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून चाचण्याही करून घ्या. लक्ष आणि विचारांचा वेग कितपत मंदावलाय ते तिथे कळतं.