पुण्याहून नळ आणावेत का?

फ्रीमाँटहून (कॅलिफोर्निया, अमेरिका), शनिवार सकाळ

मंडळी, नमस्कार.

मार्चमध्ये आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत, म्हणून खालच्या मजल्यावरचं बाथरूम नव्याने करायला घेतलंय. डिसेंबरात पुण्याला जाणारच आहोत. तिथे भावाने बेसिन मिक्सर, शॉवरचा वॉल मिक्सर आणि दोन जेट स्प्रे बघून ठेवलेत. वजनदार पितळ, वर सुरेख क्रोम, आणि सगळं मिळून इथल्या एका चांगल्या नळाच्या किमतीत! शिवाय आजीचं तांब्याचं घंगाळ माळ्यावर पडून आहे, त्याचं बेसिन करावं असं फार मनात आहे. आमचा कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, खुशाल आणा, पण गळलं तर जबाबदारी तुमची. कुणी असं आणून बसवलंय का? बॅगा भरायच्या आधी स्पष्ट सांगा.

सॅन होजेहून, शनिवार दुपार

नमस्कार ताई,

मी बसवलंय, आणि भिंत फोडून काढलंयही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे नळाचे आटे ब्रिटिश मापाचे, म्हणजे बीएसपी. इथे अमेरिकन मापाचे, म्हणजे एनपीटी. अर्ध्या इंचाच्या जोडाला दोन्हींत इंचाला १४च आटे असतात, पण बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि एनपीटीचा ६०. व्यासातही किंचित फरक. आटे मोजून सारखेच भरत असल्यामुळे पहिले तीन-चार फेरे मस्त बसतात, हाताला घट्टही लागतं. मी भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळून आवळलं, रात्रभर कागद ठेवून पाहिला, थेंब नाही. आठव्या दिवशी पलीकडच्या खोलीतल्या भिंतीचा रंग फुगला. बोट दाबलं तर ड्रायवॉल, म्हणजे इथल्या भिंतीचा जिप्समचा पत्रा, चहात बुडवलेल्या टोस्टसारखी आत गेली. आत लाकडापर्यंत ओल पोचली होती.

बीएसपी ते एनपीटी असे अडॅप्टर मिळतात, तेव्हा आट्यांवर तोड आहे. बेसिनखाली, जिथे रोज हात घालून बघता येतं, तिथे अडॅप्टर चालेल. टाइल लावून बंद केलेल्या भिंतीत मी तरी पुन्हा लावणार नाही. आणि तीन वर्षांनी आतलं कार्ट्रिज, म्हणजे पाणी चालू-बंद करणारा भाग, गेलं की ते इथल्या दुकानात मिळत नाही, पुण्याहून कोण येतंय याची वाट बघत बसावं लागतं.

पण मला खरी काळजी वाटते ती शिशाची. पितळ कातायला सोपं जावं म्हणून त्यात शिसं घालतात, साध्या कातीव पितळात दोन-तीन टक्के सहज असतं. इथे ४ जानेवारी २०१४पासून पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या भागात ते सरासरी ०.२५ टक्क्याच्या वर चालत नाही. कॅलिफोर्नियाने तर हाच नियम २०१०पासूनच लावला होता. रात्रभर पाणी नळात उभं राहिलं की शिसं त्यात उतरतं, आणि ते ना दिसतं, ना चवीला कळतं. तुमची आई सकाळी त्याच बेसिनवर चूळ भरणार, रात्रीची गोळी त्याच नळाच्या पाण्याने घेणार. नातवंडं दात तिथेच घासणार. नळावर किंवा खोक्यावर एनएसएफ ६१ आणि ३७२ हे आकडे, म्हणजे नळ पिण्याच्या पाण्याला चालतो आणि शिसं मर्यादेत आहे याची प्रमाणपत्रं, असतील तर नळ कुठल्याही देशातून आणा, मला आनंदच आहे. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर मात्र आणू नका.

शॉवरला शिशाचा हा केंद्रीय नियम लागू नाही, कारण ते पाणी कुणी पीत नाही. पण तिथे दुसरी गोष्ट बघा. आपला वॉल मिक्सर म्हणजे बहुतेक वेळा गरम आणि गारच्या दोन चाव्या, बस. वर कुणी फ्लश केला की गार पाण्याचा दाब पडतो आणि अंगावर एकदम कढत पाणी येतं. इथल्या नियमाप्रमाणे शॉवरच्या व्हॉल्व्हने दाबाचा हा फरक स्वतः सांभाळायचा असतो, आणि पाणी १२० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ४९ सेल्सियसच्या, वर जाऊ द्यायचं नसतं. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ, पटकन बाजूला होणंही जमत नाही. तो व्हॉल्व्ह इथलाच घ्या, यात पैसे वाचवू नका.

प्लेझंटनहून, रविवार

काकांनी लिहिलंय ते अगदी खरं. आम्ही आधी बारा वर्षं लंडनला होतो. तिथे आटे बीएसपीच, त्यामुळे पुण्याचा नळ सरळ बसतो, पण नियमांपुढे तोही सुटत नाही. जेट स्प्रेच्या बाबतीत तर ते फारच कडक आहेत. कमोडजवळचा स्प्रे थेट मुख्य लाइनला जोडू देत नाहीत, मध्ये वेगळी टाकी लागते. हेतू एवढाच, की दाब उलटला तर घाण पाणी पिण्याच्या लाइनीत ओढलं जाऊ नये.

इथेही पाणी उलटं जाऊ न देणारी सोय असलेलाच स्प्रे घ्या. आणि दाबाचा विचार करा. पुण्यात गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर दहा फुटांचं पाणी म्हणजे जेमतेम चार पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब). इथे घरात सर्रास साठ असतो. आमच्या मैत्रिणीकडे पुण्याहून आणलेल्या स्प्रेची नळी सगळे कामावर असताना फुटली, संध्याकाळी हॉलपर्यंत पाणी. वापर झाला की भिंतीकडचा कॉक बंद करायची सवय आई-बाबांनाही पहिल्याच दिवशी लावा.

फ्रीमाँटहून, रविवार रात्र

काका, ताई, मनापासून आभार. भावाला आत्ताच फोन करून नळ आणि स्प्रे दोन्ही रद्द केले. शिशाचं वाचून नवराही गप्प झाला. आता घंगाळाचं सांगा ना. तेही सोडून द्यायचं का?

सॅन होजेहून, सोमवार

छे, छे, घंगाळ अजिबात सोडू नका! त्यात पाणी पडतं आणि निघून जातं, पिण्याच्या लाइनीशी त्याचा संबंध नाही. परमिट काढलं असेल तर इन्स्पेक्टरला फोटो दाखवून आधी विचारून घ्या, एवढंच.

भोक पुण्यातच पाडून घ्या, पण मापाने. बेसिनचा इथला ड्रेन सव्वा इंची येतो, त्याला साधारण पावणेदोन इंचांचं भोक लागतं. घंगाळाला ओव्हरफ्लो, म्हणजे जादा पाणी जायला काठाजवळचं भोक, नसतो, म्हणून ओव्हरफ्लोविना, कायम उघडा राहणारा जाळीचा ड्रेन आत्ताच विकत घ्या आणि तो हातात घेऊन कसब्यात तांबट आळीत जा. कारागिराला म्हणावं, हाच बसवून दाखव. बूड सपाट असेल तर मधोमध किंचित खोलगट ठोकून घ्या, नाहीतर टूथपेस्टचं पाणी कडेला साचत राहील. मठारकाम, म्हणजे तांब्यावर हातोडीने ठोके देऊन घडवण्याचं काम, करणारे हात तिथे अजून आहेत. कल्हई नको, यात काही शिजवायचं नाही. कड्या असतील तर ठेवा.

ओट्याची उंची घंगाळ मोजून मगच ठरवा. काठ जमिनीपासून ३४ इंचांच्या वर गेला तर आईंना कोपर उचलून तोंड धुवावं लागेल. घंगाळाची खोली किती आहे, ते भावाला आजच मोजायला सांगा. कॉन्ट्रॅक्टर कपाट कापायच्या आधी तो आकडा हातात हवा.