बी-२०४ चा कॉम्प्युटर मध्येच हँग होतोय

बी-२०४ : बिल्डिंगच्या ग्रुपवरच्या सर्वांना नमस्कार. आमचा घरचा कॉम्प्युटर हल्ली मध्येच हँग होतो. दहा-पंधरा सेकंद सगळं ठप्प, मग आपोआप पुढे चालू. बंद पडत नाही, रिस्टार्टही होत नाही. आंब्याच्या पेट्यांचा सगळा हिशोब, गिऱ्हाइकांचे पत्ते, मागच्या सीझनची बिलं त्याच्यावरच आहेत. दुकानात नेला तर तिथे शहाण्यासारखा चालला. जुना झालाय, नवीन घ्या, असं सांगून परत पाठवलं. कुणाला काही सुचतंय का?

ए-१०४ : काकू, व्हायरस असणार. फॉरमॅट मारा, मोकळा होईल.

बी-४०३ : रॅम किती आहे काकू? ४ जीबी असेल तर ब्राउझर उघडला की असंच होतं.

बी-२०४ : ८ आहे रे. मुलाने मागे वाढवून दिलीय.

सी-३०२ : विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. त्याचा परिणाम असू शकेल.

ए-३०१ : काकू, फॉरमॅट अजिबात करू नका. आत्ता तरी नको. सी-३०२ चे सेक्रेटरी साहेब, सपोर्ट संपला म्हणजे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट थांबले. ती काळजी खरी आहे, पण त्यामुळे मशीन दहा सेकंद अडकत नाही. मी कॉलेजच्या लॅबमध्ये मशीनच सांभाळते, म्हणून काही विचारते. अडकतो तेव्हा माउसचा बाण हलतो का? कॅप्स लॉक दाबलं तर कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का? आणि कॅबिनेटवरचा छोटा दिवा, जो एरवी लुकलुकतो, तो काय करतो?

बी-२०४ : बाण हलतो, पण क्लिक केलेलं काही घेत नाही. नंतर सगळे क्लिक एकदम घेतो. बाकीचं बघून सांगते.

बी-२०४ : आत्ताच अडकला होता. कॅप्सचा दिवा लागतो-विझतो. कॅबिनेटवरचा लाल दिवा मात्र तेवढा वेळ न लुकलुकता पेटलेलाच होता.

ए-३०१ : बरोबर. म्हणजे मशीनचं डोकं जागं आहे, डिस्ककडून, म्हणजे फाइली जिथे साठतात तिथून, उत्तर यायची वाट बघत थांबलंय. तो दिवा डिस्कचा. असा एकसारखा पेटून राहिला की मागितलेली माहिती बहुधा येत नाहीये असं समजायचं.

बी-४०३ : ताई, एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाल्या मशीनवर एफटीपीएममुळेही (प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या सोयीमुळे) असं अडखळायचं ना? एएमडीने मार्च २०२२ मध्ये स्वतःच मान्य केलं होतं, नंतर बायॉसचे (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचे) अपडेट आले.

ए-३०१ : हो, चांगली आठवण केलीस. ज्यांची रायझन आहेत आणि बायॉस त्याच्या आधीचा आहे, त्यांनी ते जरूर तपासावं. पण त्यात क्षणभरच थबकतं आणि बाणासकट सगळंच थबकतं. काकूंचं मशीन इंटेलचं आहे आणि बाण हलतोय, त्यामुळे इथे ते नाही. काकू, आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग डिस्क. ती खिडकी तशीच उघडी ठेवून नेहमीचं काम करा आणि अडकला की स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढा.

बी-२०४ : फोटो पाठवलाय बघ. ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के दाखवतंय.

ए-३०१ : फोटो फार कामाचा आला काकू. सगळ्यांनी बघा, कारण बहुतेक जण नुसतं १०० टक्के बघतात आणि डिस्क बिचारी खूप काम करतेय असं समजतात. खाली रीड स्पीड शून्य, राइट स्पीड शून्य. काम काहीच होत नाहीये आणि तरी डिस्क १०० टक्के गुंतलेली. रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंदांत गेलाय. साध्या हार्ड डिस्कला एरवी दहा-वीस मिलिसेकंद पुरतात. व्हायरस असता किंवा अपडेट चालू असता तर रीड-राइटचे आकडे धावताना दिसले असते. आता मुख्यतः दोनच शक्यता उरतात. डिस्क आतून खराब होतेय, किंवा डिस्क आणि मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) यांच्यामधली वाट, म्हणजे केबल, खराब आहे. दोन्हीची लक्षणं बाहेरून हुबेहूब सारखी असतात, पण एकात डिस्क टाकावी लागते आणि दुसऱ्यात फक्त केबल.

ए-३०१ : पण त्याच्या आधी एक काम आजच करा. हिशोब, पत्ते, बिलं आणि घरचे फोटो पेनड्राइव्हवर उतरवा. आधी हिशोब, मग फोटो. गाणी-पिक्चर राहिले तरी चालतील. कॉपी होताना अडकला तर थांबून राहा, मधेच बटण दाबून बंद करू नका. डीफ्रॅग (फाइली नव्याने लावणं) नको, चेकडिस्क (विंडोजची डिस्क-दुरुस्ती) पण नको. खराब होत चाललेल्या डिस्कवर ती दुरुस्ती चालवली तर ती डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचायला लावते, आणि उरलेला जीव त्यातच जातो. दुकानात कॉम्प्युटर नेला की आधी फॉरमॅट मारतात याचा मला मनापासून राग येतो. कारण शोधायच्या आधीच माणसाची वर्षांची मेहनत पुसली जाते.

बी-२०४ : उतरवून झालं. दोनदा अडकला, पण हिशोबाच्या सगळ्या फाइली उघडून बघितल्या, ठीक आहेत. जिवात जीव आला बाई.

ए-३०१ : छान. आता उद्या दिवसभर अडकेल तेव्हा घड्याळात बघून वेळ कागदावर लिहा. संध्याकाळी तो कागद लागेल.

(दुसऱ्या दिवशी)

बी-२०४ : सकाळी ९:४०, १०:१२, दुपारी ४:०५. रात्री लाइट जाऊन आल्यावर परत, ८:३०.

ए-३०१ : स्टार्टवर राइट क्लिक, मग इव्हेंट व्ह्यूअर. त्यात विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. पिवळ्या त्रिकोणाच्या आणि लाल खुणेच्या ओळी बघा आणि त्या वेळांच्या आसपास कोणता आकडा आहे तो सांगा. १२९, १५३ की ७?

बी-२०४ : १२९ आणि १५३. चारही वेळांना. ७ कुठेच नाही.

ए-३०१ : कागदावरच्या वेळा आणि मशीनने स्वतः लिहून ठेवलेल्या वेळा जुळल्या की अंदाज संपतो. १२९ म्हणजे डिस्ककडून उत्तर आलं नाही म्हणून विंडोजने तिच्याशी जोडणी नव्याने सुरू केली. १५३ म्हणजे तीच मागणी परत करावी लागली. ७ म्हणजे खराब ब्लॉक, तो नाही हे चांगलं लक्षण. आता क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम उतरवा आणि त्याचा स्क्रीनशॉट द्या.

बी-२०४ : हा घे. वर निळ्यात गुड लिहिलंय. दुकानातही हेच दाखवून डिस्क चांगली आहे म्हणाले होते.

ए-३०१ : वरच्या गुडवर जाऊ नका, खालचं कोष्टक वाचायचं. ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी डिस्कच्या तब्येतीच्या. तुमच्याकडे तिन्ही शून्य. आता सी७ बघा, शेवटी १बी२ लिहिलंय. हे आकडे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजून लिहिलेले असतात, आपल्या हिशोबात ते ४३४ होतात. सी७ मध्ये वाटेत बिघडलेली माहिती मोजली जाते. डिस्कने बरोबर पाठवलं आणि मदरबोर्डपर्यंत पोचताना त्याचा चुथडा झाला, असं ४३४ वेळा झालंय. हा आकडा कितीही वाढला तरी वर निळा गुडच राहतो, त्यामुळे तो कुणी बघत नाही. काकू, तुमची डिस्क बहुधा ठणठणीत आहे. केबल बघायला हवी.

सी-१०२ : कॉम्प्युटर कुठे ठेवलाय वहिनी? भाट्याच्या, म्हणजे समुद्राच्या बाजूच्या खिडकीखाली का?

बी-२०४ : हो भावोजी, तिथेच. वारा चांगला येतो म्हणून.

सी-१०२ : मग वाऱ्यानेच खाल्ला. आमच्या त्याच बाजूच्या ग्रिलचे पोपडे दर पावसाळ्यानंतर निघतात. बिजागऱ्या, पंख्याचे स्क्रू, स्कूटरचा सायलेन्सर, सगळ्यांची तीच गत.

ए-३०१ : काका अगदी बरोबर बोलताय. आणि नुसता ओलावा नाही, वाऱ्याबरोबर मीठ येतं. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मिठाला पाणी सुटतं. पावसात बरणीतलं मीठ ओलं होतं ना, तेच कॅबिनेटच्या आत घडतं. पंखा दिवसभर ती हवा आत ओढतो, मिठाचा पातळ थर प्रत्येक जोडावर बसतो, जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो ओलाच असतो. केबलच्या टोकाच्या पत्र्यांवर सोन्याचा मुलामा असतो पण फार पातळ. त्यातून एकदा खारं पाणी खालच्या धातूपर्यंत पोचलं की जोड कधी लागतो, कधी सुटतो. दुकानात नीट चालला त्याचंही नवल नाही. नेताना हलला, जोड घट्ट बसला असेल.

सी-१०२ : लाइट जाऊन आल्यावर अडकला, ते? अर्थिंग बघा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून झिणझिण्या येतात का?

बी-२०४ : हो येतात की! मला वाटलं सगळ्यांच्याच कॉम्प्युटरला येतात.

सी-१०२ : येता कामा नयेत. तिसरी पिन कुठेतरी सुटलीय. वायरमनला बोलवा, आणि तोवर अनवाणी हात लावू नका.

ए-३०१ : काका, हे फार बरं विचारलंत. काकू, आधी अर्थिंग करून घ्या, मग मी केबल घेऊन येते. तोवर मशीनचा प्लग काढून ठेवा.

(रविवारी)

ए-३०१ : काकूंच्या घरी जाऊन आले. सविस्तर लिहिते, कारण आपल्या बिल्डिंगमध्ये समुद्राच्या बाजूला कॉम्प्युटर ठेवणारे बरेच आहेत.

अर्थिंगचं काम झालं होतं. प्लग काढला, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं, मग डाव्या बाजूचा पत्रा काढला. स्क्रू गंजलेले, एक निघालाच नाही. हार्ड डिस्कला दोन केबल येतात, रुंद ती पॉवरची आणि अरुंद ती माहितीची. अरुंद केबलच्या टोकाला पोलादाची छोटी क्लिप असते, तिच्यामुळेच केबल घट्ट बसून राहते. ती क्लिप गंजून मोडली होती आणि तिचा तांबूस चुरा खाली पडला होता. केबल डिस्कला नुसती टेकलेली. बोटाने जरा हलवली तर आपसूक हातात आली. मदरबोर्डच्या टोकाला आत बघितलं तर सात पत्र्यांपैकी कडेच्या दोन पत्र्यांवर हिरवट पांढरी पूड. जोड स्वच्छ करायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशला लावून दोन्ही टोकं पुसली, पूर्ण वाळू दिली, नवी केबल बसवली. क्लिपचा टक आवाज आला तेव्हाच हात काढला. शेजारचा पोर्ट स्वच्छ होता, म्हणून मदरबोर्डकडचं टोक तिथे घातलं. रॅमही काढून तिचे पत्रे पुसून परत बसवली.

तोंडाने फुंकर मारून धूळ काढू नका, थुंकीचा ओलावा जातो. पॉवर सप्लायचा चौकोनी डबा घरी कधीही उघडू नका, प्लग काढला तरी त्यात वीज साठलेली असते.

बी-४०३ : ताई, त्यापेक्षा सरळ एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, टाकून दिली असती तर? वेगही वाढला असता.

ए-३०१ : वेग नक्की वाढला असता, आणि पुढे टाकावीच. पण विचार कर, अडीच इंची साटा (या जोडणीचं नाव) एसएसडी पण त्याच केबलने जोडतात. जुनी केबल तशीच ठेवून एसएसडी टाकली असती तर नवी कोरी एसएसडी तशीच अडकली असती, आणि मग मदरबोर्ड गेला म्हणून पूर्ण मशीन बदलायला लावलं असतं. माणसं अशीच खर्चात जातात.

बी-२०४ : सी७ परत शून्य झाला नाही गं.

ए-३०१ : तो कधीच शून्य होत नाही काकू, जुनी नोंद राहते. १बी२ कागदावर लिहून ठेवा. आता तो वाढत नाही एवढंच बघायचं. कॉम्प्युटर आतल्या भिंतीला हलवा, खिडकीपासून लांब. पावसाळ्यात काम नसलं तरी रोज थोडा वेळ चालू ठेवा, आतल्या उष्णतेने दमटपणा जातो. प्लॅस्टिकचं कव्हर चालू असताना घालू नका, आणि बंद केल्यावरही गार झाल्याशिवाय नको.

(पुढच्या आठवड्यात)

बी-२०४ : आठवडाभर एकदाही अडकला नाही. सी७ अजून १बी२. लाल दिवा छान लुकलुकतोय. ताई, कोकम सरबताची बाटली पाठवतेय, नाही म्हणू नकोस.

सी-१०२ : झिणझिण्या?

बी-२०४ : अजिबात नाहीत भावोजी. तुमचे पण आभार.

ए-१०४ : ताई, हे सगळं वाचून मी आमच्या मशीनवर तो प्रोग्रॅम टाकला. माझा पण कधीकधी अडकतो. सी७ शून्य आहे, पण सी५ ला शेवटी १८ आहे आणि वर पिवळ्यात कॉशन आलंय. केबल बदलून बघू का?

ए-३०१ : नाही दादा. तुमची वाट ठीक आहे, डिस्कच जातेय. सी५ म्हणजे डिस्कला न वाचता येणाऱ्या जागा, १८ म्हणजे आपल्या हिशोबात २४. आत्ता मशीन बंद करा. काही उतरवू नका, स्कॅन करू नका, परत चालू करून बघू पण नका.

ए-१०४ : मुलीचे लहानपणापासूनचे फोटो त्यातच आहेत. दुसरीकडे कुठेच नाहीत.

ए-३०१ : मग तेच आधी. लॅबमधली मोठी बाहेरची डिस्क घेऊन संध्याकाळी सहाला येते. तुमची डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावू, म्हणजे तिच्यावर विंडोज चालवावं लागणार नाही. फोटोंचं फोल्डर नक्की कुठे आहे ते वहिनींना विचारून लिहून ठेवा, शोधण्यात डिस्कचा वेळ जायला नको.