मदत हवी आहे: पुण्यात फीटल इको कुठे करावा?

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला २१वा आठवडा चालू आहे, राहायला धायरीत. परवाच्या अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये (बाळाच्या अवयवांत दोष आहे का ते पाहणारी सोनोग्राफी) बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झाल्याची शंका आली. फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, करून घ्या म्हणालेत.

इको स्वतः करून नंतर नीट समजावून सांगणारे बालहृदयरोगतज्ज्ञ कोणी सुचवाल का? शिवाय प्रसूती, एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आणि नवजात बाळाची हृदयशस्त्रक्रिया एकाच ठिकाणी होईल असं रुग्णालय? शंका खरी ठरली तर जन्मल्याबरोबर प्रोस्टाग्लँडिन या औषधाची ड्रिप लागू शकते, शस्त्रक्रियाही पहिल्या काही आठवड्यांत करावी लागते. सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून तशा बाळाला अ‍ॅम्ब्युलन्सने न्यायचं, हा विचारच करवत नाही.

आई म्हणते, "आमच्या वेळी सोनोग्राफ्या नव्हत्या, तर असले आजारही नव्हते." तिला कसं समजावू? हजारातल्या आठ-दहा बाळांना हृदयदोष असतोच, पूर्वी तो कळायचा नाही. हृदय पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच घडतं. स्कॅनने दोष होत नाही आणि टळतही नाही. निदान झालेल्यांची संख्या तेवढी वाढते. गंभीर दोष कळल्यावर काही जण गर्भपात करतात, त्यामुळे तशा बाळांचे जन्म मात्र कमी होतात. बहिणीला हे बाळ हवंय.

महात्मा फुले योजनेतून कोणाच्या बाळाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर कागदपत्रं काय लागली तेही कृपया सांगा. इकोची वेळ याच आठवड्यात घ्यायची आहे.