कमेंड : शिफारस, शाबासकी की दाद?

कडबोळी :

एका छोट्या ऑनलाइन खेळाच्या मराठीकरणाचं काम महिनाभर हाती आहे. पाच-पाच जणांच्या दोन संघांत सामना होतो, आणि तो संपला की प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे दोन बटणं येतात, कमेंड आणि रिपोर्ट. माझ्याकडे आलेल्या कच्च्या मसुद्यात पहिल्यासाठी ‘शिफारस करा’ आणि दुसऱ्यासाठी ‘अहवाल द्या’ असं होतं. शिफारस नोकरीसाठी नाहीतर प्रवेशासाठी करतात, आणि अहवाल सोसायटीच्या वार्षिक सभेत वाचतात. आईवरून शिव्या देणाऱ्या खेळाडूचा अहवाल कोण देतं? हे शब्द काढायचे हे नक्की आहे, पण त्यांच्या जागी काय बसवायचं यावर अडलो आहे.

जे हे खेळ खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या खेळांत खेळाडूची मोजणी दोन तऱ्हांनी होते. एक कसबाची, म्हणजे तुम्ही कितपत जिंकता. दुसरी वागणुकीची, म्हणजे तुमच्याबरोबर पुन्हा खेळावंसं कुणाला वाटतं का. ‘डोटा २’ मध्ये कमेंड चार कारणांसाठी देता येत असे : मनमिळाऊपणा, चुका पोटात घालणं, शिकवणं आणि नेतृत्व. ‘लीग ऑफ लेजंड्स’मध्ये २०१२ साली ऑनर ही पद्धत आली. तिच्या पहिल्या रूपात एक प्रकार समोरच्या संघातल्या उमद्या प्रतिस्पर्ध्यासाठी होता, आणि मला तो सगळ्यांत जास्त आवडतो. ‘ओव्हरवॉच’ने २०१८ मध्ये एंडोर्समेंट आणली, तिच्या एक ते पाच अशा पायऱ्या होत्या. नावं तीन, पण कृती एकच : अनोळखी माणसाला, काही देणंघेणं नसताना, ‘बरं वागलास’ असं कळवणं.

या कृतीला मराठी शब्द हवा. माझ्या वहीत आत्तापर्यंत हे जमले आहेत.

शाबासकी. शब्द गोड आहे, फारसी ‘शाद बाश’ म्हणजे ‘आनंदी राहा’ यातून आलेला. पण शाबासकी वरून खाली जाते. गुरुजी मुलाला देतात, आजोबा नातवाला. मी खेळात कुणाचा आजोबा नाही. पलीकडे सोळा वर्षांचा मुलगा असेल किंवा चाळीस वर्षांची बाई असेल, सामन्यापुरते आम्ही बरोबरीचे असतो.

मान. ऑनरचं सरळ मराठी. पण आपल्याकडे मान बहुतेक वेळा ठरलेला असतो : मानाचा गणपती, पालखीचे मानकरी. तो आधीपासून कुणाचा तरी असतो. इथे दर सामन्याला नव्याने मिळवावा लागतो.

पृष्ठांकन, अनुमोदन. एंडोर्समेंटचे हे कोशातले शब्द. पहिला चेकच्या पाठीमागचा, दुसरा ठरावाचा. सोडून दिले.

कौतुक. हा जवळचा आहे, रोजच्या बोलण्यातला आहे. पण कौतुकाला वेळ लागतो, ते चारचौघांत होतं, थोडं सविस्तर होतं. बटण दाबायला अर्धा सेकंद लागतो.

आणि मग दाद. गाण्याच्या बैठकीत समेवर आलेली ‘वा’ म्हणजे दाद. देणारा वयाने लहान चालतो, अनोळखीही चालतो, फक्त त्याला कळायला हवं. मला हा शब्द अगदी चपखल वाटत होता, आणि मग परवा जेवताना लक्षात आलं की कोर्टातसुद्धा दादच मागतात. फारसीत ‘दाद’ म्हणजे न्याय. मराठीने त्याच्या दोन्ही बाजू ठेवल्या. चांगल्याला त्याचं श्रेय मिळालं तर ती दाद देणं, अन्यायाविरुद्ध दार ठोठावलं तर ती दाद मागणं. कमेंड म्हणजे दाद देणं आणि रिपोर्ट म्हणजे दाद मागणं! पडद्यावर शेजारी शेजारी बसलेल्या त्या दोन बटणांना पुरेल असा एकच शब्द आपल्याकडे शेकडो वर्षं पडून आहे, हे कळल्यावर माझा घास हातातच राहिला.

तुम्हाला काय वाटतं? यात काही खोट दिसते का?

सोंगटी :

खोट दिसते. दोन सांगते.

पहिली : दाद कलेला असते, कसबाला असते. तानेला दाद, शेराला दाद, फलंदाजाच्या कव्हर ड्राइव्हला दाद. तुम्हीच म्हणता की कमेंड वागणुकीसाठी आहे. सुरेख खेळणाऱ्या पण तोंडाने घाण असलेल्या मुलाला लोक सवयीने दाद देतील, कारण शब्दच त्यांना खेळाकडे बघायला सांगेल.

दुसरी : दाद मागणारा स्वतःसाठी मागतो. माझ्यावर अन्याय झाला, मला न्याय द्या. रिपोर्टमध्ये मी दुसऱ्याचं नाव देते आणि त्याच्यावर कारवाई व्हावी म्हणते. ती तक्रार झाली. ‘तक्रार करा’ हे शाळेतल्या पोरालाही कळतं, त्याला सोडून कोर्टातली भाषा कशाला?

कडबोळी :

दुसरा मुद्दा पूर्ण मान्य. ‘तक्रार’ लिहून टाकलं. शब्दाच्या जुळणीवर मी इतका खूश झालो होतो की बटण दाबणारा रागाने धुमसत असतो हे विसरलो. त्या क्षणी त्याला तक्रारच सुचणार.

पहिल्यावर मात्र वाद घालतो. ‘तिच्या चिकाटीला दाद द्यायला हवी’, ‘त्याच्या सहनशक्तीला दाद देतो’, हे आपण रोज म्हणतो ना? चिकाटी आणि सहनशक्ती म्हणजे स्वभावच. हरलेल्या संघाच्या खिलाडूवृत्तीला प्रेक्षक दाद देतात, हेही सगळ्यांच्या कानावरचं आहे.

एक प्रसंग सांगतो. मागच्या पावसाळ्यात डोटाचा सामना चालू होता. वॉर्ड लावायचं काम माझ्याकडे होतं. वॉर्ड म्हणजे अंधारात डोळा रोवल्यासारखं असतं, तो जिथे असेल तिथला आजूबाजूचा भाग आपल्या संघाला दिसतो. मी तो चुकीच्या टेकाडावर रोवला. त्यामुळे आमच्या मुख्य खेळाडूवर झाडीतून दोनदा हल्ला झाला आणि दोन्ही वेळा तो मेला. आता शिव्या येणार म्हणून मी मान खाली घालून बसलो. त्याने रोमन लिपीत टाइप केलं : ‘चालतंय रे, पुढचा नदीजवळ टाक.’ मराठी माणूस आहे हे मला तेव्हा कळलं. सामना आम्ही हरलो. पडदा बंद व्हायच्या आत मी त्याच्या नावापुढे कमेंड दाबली. त्याचा खेळ त्या दिवशी साधारणच होता. मी दाद दिली ती त्या ‘चालतंय रे’ला.

आणि यातून एक उपशब्दही मिळाला. चुका पोटात घालण्याचा जो प्रकार आहे, त्याला मसुद्यात ‘क्षमाशील’ होतं. मी ‘सांभाळून घेणारा’ केलं.

सोंगटी :

‘सांभाळून घेणारा’ फार छान. पण खेळणाऱ्या मुलीही आहेत. ‘सांभाळून घेतलं’ असं क्रियापद ठेवा, म्हणजे लिंगाचा प्रश्न मिटेल. ‘मनमिळाऊ’ला अडचण नाही. ‘शिकवणारा’चं ‘शिकवलं’ करा. नेतृत्वासाठी ‘पुढारी’ आणि ‘म्होरक्या’ हे दोन्ही कृपया नकोत. ‘वाट दाखवली’ चालेल का?

कडबोळी :

चालेल, धावेल. घेतलं.

पाटीपेन्सिल :

मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो, म्हणून दुसऱ्या बाजूने बोलतो. तुमच्या मसुद्यात रेटिंगला, म्हणजे कसबाच्या गुणांना, काय आहे? ‘मानांकन’ असेल तर आधी ते काढा.

मानांकन या एका शब्दावर आपण किती ओझं टाकलंय ते पाहा. टेनिसमधल्या सीडिंगला, म्हणजे स्पर्धेआधी ठरणाऱ्या क्रमाला, मानांकन. कारखान्याच्या आयएसओला मानांकन. हापूस आंब्याला भौगोलिक मानांकन. कर्जफेडीच्या क्षमतेला पतमानांकन. आणि बुद्धिबळाच्या रेटिंगलाही मानांकनच. २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातूमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्या विजयाने ती थेट ग्रँडमास्टर झाली. त्या स्पर्धेत ती पंधरावी मानांकित होती. आता ‘दिव्याचं मानांकन’ म्हटलं तर पंधरा समजायचं की दोन हजारांवरचे तिचे एलो गुण, म्हणजे बुद्धिबळातलं रेटिंग? स्पर्धेतलं मानांकन सुरुवातीला एकदा ठरतं आणि शेवटपर्यंत तसंच राहतं. रेटिंग दर डावाला हलतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एलोचा हिशोब मुलांना मी असा सांगतो : दोघांचे गुण सारखे असतील आणि गुणक (एका डावात जास्तीत जास्त किती गुण हलू शकतात तो आकडा) २० असेल, तर जिंकणाऱ्याचे १० वाढतात आणि हरणाऱ्याचे १० जातात. स्वतःपेक्षा ४०० गुणांनी वरच्याला हरवलंत तर अठराच्या आसपास मिळतात, आणि तितक्याच खालच्याला हरवून जेमतेम दोन. म्हणजे अपेक्षेपेक्षा तुम्ही किती चांगलं खेळलात याची ती नोंद असते. तुमच्याकडे ऑनलाइन खेळांत जे चालतं त्याचं मूळ हेच आहे. म्हणून मी ‘गुणांकन’ म्हणतो. रँकला ‘क्रमांक’, यादीला ‘क्रमवारी’.

जाता जाता : एलो हे आडनाव आहे. आर्पाद एलो, हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. फिडेने, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक महासंघाने, त्यांची पद्धत १९७० मध्ये घेतली. पुष्कळ मुलं ते तीन अक्षरांचं लघुरूप समजून ‘ई.एल.ओ.’ लिहितात. तसं लिहू नये, त्या माणसाचं नाव आहे ते.

रात्रपाळी :

पाटीपेन्सिल सर, आम्ही तर ‘माझा एलो पडला’ म्हणतो, जणू दातच पडला :) एलो पुल्लिंगी, रेटिंग नपुंसकलिंगी (‘रेटिंग वाढलं’), कमेंड स्त्रीलिंगी (‘एक कमेंड मिळाली’). रँकचं अजून ठरलेलं नाही, आमच्या पाचजणांत तिघे ‘माझी रँक’ म्हणतात आणि दोघे ‘माझा रँक’.

कडबोळीदादा, वागणुकीच्या एकूण गुणांना काय ठेवलंय? डोटात ते आधी दहा हजारांपर्यंत होते. २०२३ मध्ये कमाल बारा हजार केली आणि बोलण्याचे गुण वेगळे काढले. ते खाली गेले की टायपिंग आणि माइक बंद. आम्ही नुसतं ‘बिहेविअर’ म्हणतो. ‘त्याचं बिहेविअर चार हजारांवर आलंय.’

कडबोळी :

‘वर्तन गुणांक’ आहे. मलाच आवडलेलं नाही, प्रगतिपुस्तकातला शेरा वाटतो.

खतावणी :

मी हे खेळ खेळलेलो नाही, पण तुमचा शब्द माझ्या टेबलावर आहे. सहकारी पतसंस्थेत बावीस वर्षं काढली. रात्रपाळी यांनी सांगितलेल्या त्या आकड्याला आम्ही ‘पत’ म्हणतो.

पत म्हणजे माणसाजवळ किती पैसा आहे ते नव्हे. आमच्याकडे बागायतदार येतो, त्याला जामीन मिळत नाही. आणि भाजीची गाडी लावणारी बाई येते, तिच्यासाठी दोघे सही करायला तयार असतात. तिची पत आहे. ती तिने दर आठवड्याला, ठरल्या दिवशी, पन्नास-शंभर भरून मिळवलेली असते. पत आपली असली तरी ठेवलेली दुसऱ्यांजवळ असते. ती हळू वाढते आणि एका थकलेल्या हप्त्यात जाते. कसबाचं गुणांकन आणि ही पत वेगवेगळी ठेवायची हा तुमचा आग्रह आहे ना? मग भाषेत ती आधीपासूनच वेगळी आहे. पैसेवाला वेगळा, पतवाला वेगळा.

क्रियापदंही सगळी तयार आहेत. पत वाढते, पत घसरते, पत राखतात, पत जाते.

कडबोळी :

खतावणी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ‘ठेवलेली दुसऱ्यांजवळ असते’ हे तर मला त्या खेळाच्या कर्त्यांनाच कळवायचं आहे, कारण त्यांच्या मसुद्यात गुणांकन आणि वर्तन या दोन्ही आकड्यांना एकच शब्द होता. ‘पत’ घेतला. अक्षरं दोन, बटणावरही मावतो.

रात्रपाळी :

‘त्याची पत चार हजारांवर आलीय.’ मोठ्याने म्हणून बघितलं. लागतं ते. बिहेविअरपेक्षा जास्त लागतं.

सोंगटी :

आता शेवटची अडचण, आणि ही खरी आहे. खेळाडूच्या पानावर आकडा दाखवावा लागेल. तीन कमेंड्स. तीन काय? ‘तीन दाद’ वाचवत नाही, ‘दादा’ तर वेगळाच शब्द, आणि ‘दादी’ म्हणजे हिंदीतली आजी. दादला अनेकवचन नाही.

कडबोळी :

दिवसभर यावर अडलो होतो. अनेकवचन नाही, बरोबर, कारण आपण दाद मोजत नाही, देणारी माणसं मोजतो. म्हणून असं केलं : ‘तिघांची दाद’, ‘चौघांची दाद’, पुढे आकड्यात ‘२७ जणांची दाद’. बटणावर ‘द्या’ही नको आणि ‘दे’ही नको. नुसतं ‘दाद’.