'मायनॉरिटी स्ट्रेस'ला मराठीत काय म्हणावं?

वणीकर: दारूबद्दलचं एक माहितीपत्रक मराठीत करतोय, तृतीयपंथी आणि नॉन-बायनरी (स्वतःला फक्त बाई किंवा फक्त पुरुष न मानणाऱ्या) वाचकांसाठी. 'मायनॉरिटी स्ट्रेस'पाशी, म्हणजे समाजाच्या भेदभावामुळे येणाऱ्या ताणापाशी गाडी अडली. 'अल्पसंख्याक ताण' लिहिलं, तर गावच्या आशाताई म्हणाल्या, "हे मुस्लिम समाजासाठी हाय का?"

आर्वीकर: ताईंचं बरोबरच आहे. मराठीत अल्पसंख्याक म्हणजे धर्माचे, फार तर भाषेचे. 'वेगळेपणाचा ताण' करा.

वणीकर: आधी तेच केलं होतं. पण षष्ठी बघा. 'परीक्षेचा ताण' म्हणजे परीक्षेमुळे आलेला. मग 'वेगळेपणाचा ताण' म्हणताच खापर वेगळेपणावर फुटतं. संशोधक इलान मायर यांनी २००३ मध्ये समलिंगी-उभयलिंगी लोकांबद्दल जे मांडलं (पुढे ते पारलिंगी म्हणजे ट्रान्स लोकांनाही लावलं गेलं), ते नेमकं उलट आहे. ताण येतो लोकांच्या वागण्यातून. हिणवणं, घराबाहेर काढणं हा एक भाग. असं पुन्हा होईल म्हणून सतत सावध राहणं, लपवणं, स्वतःचीच लाज वाटणं हा दुसरा.

केळापूरकर: दुसऱ्या भागातल्या त्या सावधपणाला 'धास्ती' म्हणा ना. धसका बसतो घडून गेल्यावर, धास्ती असते घडायच्या आधी. माझ्या ओळखीतली एक जण बाजाराच्या दिवशी काळीपिवळीत बसायच्या आधीच दारूची अर्धी पन्नी रिकामी करते. विचारलं तर म्हणे, "कोनी काही म्हनलं नाही तरी म्हनन, म्हून घेतो." त्या 'घेतो'वर अडू नका, आमच्याकडे बायाही 'मी येतो, मी जातो'च म्हणतात. नॉन-बायनरींना वऱ्हाडी पुणेरीपेक्षा सोयीची!

आर्वीकर: हे पटलं. त्यात आमचा वर्धा दारूबंदीचा जिल्हा, म्हणजे पिणंही लपवायचं आणि स्वतःलाही. 'व्यसनी' मात्र कुठेच लिहू नका, 'दारुडा' तर नाहीच. अशी पत्रकं लोक घडी करून खिशात घालतात, उघडतही नाहीत.

वणीकर: नाही लिहिलं. अजून एक अडचण: पिण्याचं प्रमाण तपासायच्या 'ऑडिट-सी' या तीन प्रश्नांच्या चाचणीत धोक्याची रेघ सहसा पुरुषांना ४ गुणांवर, बायांना ३ वर. आमच्या वाचकाने कुठली धरायची?

केळापूरकर: ३ धरा. उगाच विचारपूस झाली तर बिघडत नाही, सुटून गेलं तर बिघडतं.

वणीकर: बरं. मथळा 'भेदभावाचा ताण', आत 'धास्ती'. आशाताईंनी 'धास्ती' ठेवली, 'ताण' खोडून 'टेन्शन' केलं.

आर्वीकर: राहू द्या तसंच.